नाव पोराचं, फ्लेक्स शुभेच्छुकाचा

पुण्याहून नगर रस्त्याने रांजणगावच्या महागणपतीला निघालं, की शिक्रापूर ओलांडल्यावर फ्लेक्सची रांग लागते. वाढदिवस, निवडी, दशक्रिया. आणि मधूनच एखादा पैलवान. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेला, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून पदक घेऊन आलेला. मधोमध तो, डोक्याला फेटा. वर ओळीने नेते, खाली शुभेच्छुक. छपाईचे पैसे शुभेच्छुकाचे, म्हणून जाहिरातही त्याचीच. चेहरा तेवढा पोराचा, आणि तो फुकट. त्यात पोराला काही वावगं वाटत नाही, घरच्यांना तर अभिमानच वाटतो. मलाही कित्येक वर्षं तसंच वाटत होतं.

अमेरिकेत नेमक्या याच गोष्टीवरून खटला उभा राहिला. एड ओबॅनन हा कॅलिफोर्नियातला कॉलेजचा बास्केटबॉलपटू. खेळणं सोडून बरीच वर्षं झाल्यावर त्याला एका व्हिडिओ गेममध्ये हुबेहूब आपल्यासारखा खेळाडू दिसला. गेम विकला जात होता, याला छदाम नाही. 2009मध्ये तो कोर्टात गेला. तिथल्या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेचा, एनसीएएचा, तेव्हा सोवळ्याचा नियम होता: विद्यार्थ्याने खेळावं, शिष्यवृत्ती घ्यावी, नावावर पैसा कमावू नये. प्रशिक्षकांचे पगार मात्र कोटींत. 2017मध्ये फ्लोरिडातल्या एका फुटबॉलपटूला यूट्यूबची कमाई सोडायला तयार नसल्यामुळे संघातली जागा गमवावी लागली. 1 जुलै 2021ला हे सोवळं सुटलं आणि खेळाडूला स्वतःचं नाव, चेहरा, ओळख विकायची मुभा मिळाली. 2025पासून तर कॉलेजंही खेळाडूंना थेट वाटा देऊ लागली आहेत.

आपल्या आखाड्यात असलं सोवळं कधी नव्हतंच. जत्रेत हलगी कडाडते, पोरासोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर सुटतात, पुढे इनाम चढत जातं आणि शेवटच्या कुस्तीला गाव खिसा मोकळा करतं. कॉलेजात शिकतोस म्हणून इनाम घेऊ नकोस, असं कुठलाही वस्ताद म्हणणार नाही. दूध, बदाम, तूप यांचा खर्च त्यातूनच तर निघतो. शेजारच्या खेड तालुक्यातल्या शिवराज राक्षे यांनी जानेवारी 2023मध्ये महाराष्ट्र केसरी जिंकली, तेव्हा गदेबरोबर थार गाडी मिळाली. पण हा पैसा अंगाचा आहे, नावाचा नाही. गुडघा गेला की तो थांबतो. मुलींच्या वाट्याला तर तेवढंही उशिराच आलं. महिला महाराष्ट्र केसरी पहिल्यांदा झाली ती 2023मध्ये, सांगलीत.

कॉलेजच्या खेळाडूने नावावर पैसा उभा केल्याची आपली सर्वांत मोठी गोष्ट 1952ची आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, म्हणून प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर 7000 रुपयांना गहाण टाकलं. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले, शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग ऑलिंपिकवीर म्हणून त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं आणि त्या पैशातून सरांचं घर सोडवलं. नावाची किंमत वसूल झाली, पण ती कर्जात गेली. आपण ही गोष्ट गुरुभक्तीची म्हणून सांगतो. मला तिच्यात सरकारी तिजोरीची बंद दारंही दिसतात.

टोकियो ऑलिंपिकमधल्या पदकानंतर, 2021मध्ये, न विचारता अभिनंदनाच्या जाहिराती करणाऱ्या कंपन्यांना पी. व्ही. सिंधूच्या बाजूने नोटिसा गेल्या. तिचे व्यवहार पाहणारी कंपनी पाठीशी होती. रांजणगावच्या दुसऱ्या वर्षातल्या पोराच्या पाठीशी वस्ताद असतो आणि त्याने कराराचा कागद वाचलेला नसतो, कारण कागदच नसतो. पोराचं गणित साधं असतं: पदक, प्रमाणपत्र, मग सरकारी भरतीतला खेळाडूंचा 5 टक्के कोटा. रील टाकून मिळणारी प्रसिद्धी त्याला चैन वाटते. खरं तर सुक्या मेव्याच्या दुकानदाराने, डेअरीवाल्याने, जिमवाल्याने वर्षभराचा खुराक लिहून द्यावा आणि त्याबदल्यात फोटो लावावा, एवढा व्यवहार तालुक्यातही जमेल. अडतं ते मागण्यापाशी. आपल्याकडे पैलवानाने इनाम घ्यायचं असतं, दर सांगायचा नसतो.

परवा परतताना रस्त्याकडेच्या एका वस्तीवर कांद्याच्या ढिगावर जुना फ्लेक्स टाकलेला दिसला. वाऱ्याने उडू नये म्हणून कडेला दगड ठेवले होते. दगडांखाली शुभेच्छुकांची नावं झाकली गेली होती, फेट्यातला पोरगा तेवढा दिसत होता.