गिऱ्हाइकाचा धर्म

लोहाराने कुऱ्हाड कोणाला विकावी, हा प्रश्न आमच्या भागात कोणी विचारल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. दोन भावांचे बांधावरून वर्षानुवर्षे वैर असते, कोर्टात तारखा पडत असतात. थोरला एका सकाळी येऊन आपल्या कुऱ्हाडीला धार लावून नेतो. संध्याकाळी धाकटाही त्याच भात्यापुढे येऊन बसतो. लोहार दोघांचे काम सारख्याच नेकीने करतो. पुढे त्या कुऱ्हाडींनी काही भलतेच घडले, तर फौजदार लोहाराच्या दारी जात नाही आणि गावही त्याला बोल लावीत नाही. कुऱ्हाड लाकडासाठी असते, असे सारे धरून चालतात आणि बहुतेक वेळा ते खरेही असते.

पण जिने लाकूड फुटत नाही की ऊस तोडता येत नाही, जिला लढाईवाचून दुसरे कामच नाही, अशी वस्तू घडवून विकणाऱ्याचे काय? त्यालाही आपण लोहाराचाच न्याय लावायचा काय?

हा प्रश्न माझ्या घरात शिरला तो नातवाच्या नोकरीच्या निमित्ताने. आम्ही विष्णुपुरीचे. येथे गोदावरीवर धरण आहे, जवळच अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे, विद्यापीठ आहे. त्यामुळे चार घरांआड एक इंजिनियर निघतोच. माझ्या मुलीचा मुलगा त्यांतलाच एक. युद्धनौकांसाठी यंत्रे करणाऱ्या एका कारखान्यातून त्याला बोलावणे आले. पगार उत्तम. घरात पेढे वाटून झाले. रात्रीची जेवणे आटोपल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "आजोबा, हा माल बाहेरच्या देशांतही जाणार आहे म्हणे. कोणत्या, ते आम्हांला कोणी सांगणार नाही. तुम्ही सांगा, जाऊ की नको?"

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. त्याला चटकन हो म्हणण्याऐवजी मी म्हणालो, "आपण आधी अशाच एका वस्तूची हकीगत पाहू." ती वस्तू म्हणजे '209' या नावाची जर्मन पाणबुडी.

समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्यांना पाणबुडीचे काय, असे वाटेल. पण तिची रचना आमच्या शेतकऱ्याला समजायला मुळीच अवघड नाही. विहिरीवर पूर्वी ऑइल इंजिन असे. त्याची फटफट कोसभर ऐकू येई. मग विजेची मोटर आली आणि विहीर मुकी झाली. या पाणबुडीत दोन्ही असतात. डिझेल इंजिनाला हवा लागते, म्हणून ते पृष्ठभागाजवळ येऊन, हवेची नळी वर काढून चालवायचे आणि बॅटऱ्या भरून घ्यायच्या. मग खाली जायचे आणि केवळ मोटरीवर, जवळजवळ निःशब्द हिंडायचे. तिचे सारे सामर्थ्य या मौनात आहे.

209 ची आखणी पश्चिम जर्मनीत ल्युबेक येथे उलरिश गाबलर यांच्या कचेरीत झाली आणि बांधणी मुख्यत्वे कील येथील हॉवल्ट्सवेर्के-डॉइच वेर्फ्ट या गोदीत. 1971 पासून आजवर चौदा देशांनी हिच्या साठच्या घरात पाणबुड्या घेतल्या. वजनाप्रमाणे 1100, 1200, 1300, 1400, 1500 असे तिचे भाऊबंद झाले. आणि ज्या देशाने ती घडवली त्या जर्मनीच्या नौदलात मात्र या घराण्यातील एकही पाणबुडी कधी दाखल झाली नाही. ती केवळ विकण्यासाठीच जन्मली.

हे वाचताच नातू म्हणाला, "म्हणजे बाजाराच्या भाजीवर फवारा मारायचा आणि घरच्यासाठी दोन सऱ्या वेगळ्या राखायच्या, तसेच झाले की!"

उपमा चांगली होती, पण तीत थोडा अन्याय होता. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीने किती वजनाच्या पाणबुड्या बांधाव्यात यावर तहाने बंधन घातले होते आणि त्यांना ज्या बाल्टिक समुद्रात वावरायचे, तो उथळ. त्यांना लहान पाणबुडीच सोयीची होती. तशी त्यांनी बांधली आणि वापरलीही. तेव्हा वाईट माल दुसऱ्याच्या गळ्यात मारला, असा आरोप येथे टिकत नाही. माल चोख होता. खरी अडचण त्या चोखपणातच आहे.

कारण गिऱ्हाइकांची यादी पाहावी. पहिले गिऱ्हाईक ग्रीस. 1974 साली सायप्रसवरून ग्रीस आणि तुर्कस्तान युद्धाच्या उंबरठ्यावर आले. तुर्कस्ताननेही याच घराण्याच्या पाणबुड्या घेतल्या. पेरू आणि एक्वादोर 1981 साली आणि पुन्हा 1995 साली सीमेवरून लढले. दोघांच्याही नौदलांत 209 होत्या. 1982 साली फॉकलंडच्या युद्धात अर्जेंटिनाच्या 'सान लुईस' या 209 ने ब्रिटिश जहाजांवर पाणतीर सोडले. ब्रिटन हा जर्मनीचा करारबद्ध मित्र. पाणबुडी जर्मन आणि ते पाणतीरही जर्मन. पाणतीर बिघडले म्हणून ती जहाजे वाचली. बांधावरच्या दोन्ही भावांच्या कुऱ्हाडींना एकाच भात्यावर धार लागली, ती अशी.

आपल्याला याची झळ लागलेली नाही असे मात्र नाही. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात 'खुकरी' ही आपली युद्धनौका बुडाली. तिच्याबरोबर 18 अधिकारी आणि 176 खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. तिला बुडवणारी 'हंगोर' पाकिस्तानची होती, पण ती बांधली होती फ्रान्सने. त्याच फ्रान्सच्या आराखड्यावरून पुढे आपण माझगाव गोदीत सहा पाणबुड्या बांधल्या. 2017 साली 'कलवरी' नौदलात आली, 2025 साली सहावी 'वाघशीर'. त्यांतल्या 'खांदेरी'ला शिवाजी महाराजांच्या जलदुर्गाचे नाव आहे. ही जातही फ्रान्सने स्वतःसाठी ठेवलेली नाही. त्याच्या नौदलात आज केवळ अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्या आहेत.

मग फ्रान्सवर रागवावे काय? शस्त्र ज्याने चालवले त्याच्यावर रागवावे हे सरळ. पण ज्याने पैसे मोजून घेतले आणि ज्याने पैसे मोजून दिले, ते दोघे अगदीच कोरडे राहतात, हे मनाला पटत नाही.

येथे आपणही केवळ गिऱ्हाईक उरलेलो नाही. आपल्या नौदलाची 'सिंधुवीर' ही रशियन बांधणीची पाणबुडी 2020 साली आपण म्यानमारला दिली. 1 फेब्रुवारी 2021 रोजी तेथील सैन्याने लोकांनी निवडलेले सरकार उलथून टाकले. पाणबुडी काही रस्त्यावरच्या माणसांवर चालत नाही आणि शेजाऱ्याशी संबंध राखण्याला राज्यकारभारात मोल असते, हे मी जाणतो. पण ज्या हातांत ती दिली ते हात पुढच्या वर्षी काय करतील, हे देणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही. वाण्याने दिलेले मीठ खाऊन संपते. शस्त्र तीस वर्षे टिकते आणि तेवढ्या काळात धनी बदलतो, धन्याची बुद्धीही बदलते.

आता आपल्या 209 कडे येतो. 11 डिसेंबर 1981 रोजी भारताने चार पाणबुड्यांचा करार केला. 'शिशुमार' आणि 'शंकुश' 1986 साली कीलहून आल्या. 'शल्की'चे काम 1984 साली माझगावात सुरू झाले. त्याच वर्षी काही महिने देशाचे संरक्षणमंत्री होते आमच्या नांदेडचे शंकरराव चव्हाण, ज्यांचे नाव आज विष्णुपुरीच्या प्रकल्पाला आहे. 1992 साली नौदलात आलेली 'शल्की' ही भारतात बांधलेली पहिली पाणबुडी. 1994 साली 'शंकुल' आली. मधल्या काळात, 1987 साली, या व्यवहारात दलाली दिली गेल्याचा आरोप झाला. संरक्षणमंत्री विश्वनाथ प्रताप सिंग यांनी चौकशीचा आदेश दिला आणि थोड्याच दिवसांत पद सोडले. आणखी दोन पाणबुड्या बांधण्याचा बेत बारगळला. माझगावात बांधलेली पुढची पाणबुडी यायला 2017 साल उजाडले. मधल्या तेवीस वर्षांत मोठ्या कष्टाने कमावलेली कला हातांतून निसटून गेली. व्यवहारात संशय शिरला की त्याची किंमत कारागीर मोजतो.

पण या चार पाणबुड्यांत एक गोष्ट अशी आहे की तिच्यापाशी मी आणि नातू बराच वेळ थांबलो. आपल्या नमुन्यात, '1500' मध्ये, पोटाशी एक पोलादी गोळा बसवलेला आहे. पाणबुडी खाली अडकली, तर आतली सारी, चाळीसेक माणसे त्यात शिरावीत, दार लावावे आणि गोळा सुटून वर तरंगावा, अशी ती योजना. इतर गिऱ्हाइकांच्या 209 ला हा गोळा नाही. त्याला जागा लागते, वजन लागते, पैसा लागतो; त्याने शत्रूचे एकही जहाज बुडत नाही. तरीही तो मागितला गेला आणि घडवणाऱ्याने तो बसवून दिला.

एप्रिल 2021 मध्ये इंडोनेशियाची 'नंग्गला' ही 209 बालीजवळ आपल्या 53 माणसांसह बुडाली आणि आठशे मीटरांहून अधिक खोल तीन तुकड्यांत सापडली. तिच्या शोधासाठी भारताने विशाखापट्टणमहून आपले बचावयान पाठवले होते. ते पोहोचण्यापूर्वीच सारे आटोपले होते. पण पाठवताना कोणी हिशेब केला नाही की ही आपली नव्हे, दुसऱ्याची पाणबुडी आहे.

यातून मला एवढे दिसते. "मी फक्त घडवले" असे लोहार म्हणतो, "मी फक्त विकत घेतले" असे गिऱ्हाईक म्हणते, आणि दोघांच्या मधून जबाबदारी निसटून जाते. परंतु वस्तू केवळ घडवणाऱ्याच्या मनातून निघत नाही. मागणाऱ्याच्या मनातूनही निघते. त्याने नुसता नाश मागितला तर नुसता नाश मिळतो. त्याने आपल्या माणसांचा जीव मागितला तर पोलादात जिवासाठी जागा होते. तेव्हा विकणाऱ्याने गिऱ्हाईक पाहिले पाहिजे आणि गिऱ्हाइकाने आपले मागणे तपासले पाहिजे. देश राखायला शस्त्र लागते, हे ज्याला 'खुकरी' ठाऊक आहे तो नाकारणार नाही. पण गरज आहे म्हणून प्रश्न संपला, असे होत नाही.

नातवाला मी हो की नाही सांगितले नाही. एवढेच म्हणालो, "जा, पण माल कोणाकडे जातो हे विचारायची लाज धरू नकोस. तुझ्या हातून जे यंत्र जाईल, त्याच्याजवळ उभ्या राहणाऱ्या माणसाचा आधी विचार कर. आणि एखाद्या दिवशी उत्तर ऐकून झोप येईनाशी झाली, तर परत यायला घर आहे." तो गेला. पहिल्याच पत्रात त्याने लिहिले की विचारल्यावर वरिष्ठ जरा हसले, पण रागावले नाहीत.

वाचकहो, लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपल्या अंगणात फटाक्यांचा गजर चालू असेल, त्याच वेळी कोठे तरी खोल पाण्यात चाळीस माणसे भांड्याचाही आवाज होऊ न देता फराळ करीत असतील. त्यांची घरे आपल्यासारखीच आहेत. पलीकडच्या देशाच्या पाणबुडीतही अशीच कोणाची तरी मुले आहेत. आपण काय मागतो, हे त्यांच्यापैकी कोणीही आपल्याला विचारू शकत नाही. म्हणून ते आपणच आपल्याला विचारले पाहिजे.