डोंगराचं गाव, गावाचं पाणी

लातूर-नांदेडहून शुक्रवारी रात्री पुण्या-नाशिककडे सुटणाऱ्या गाड्यांत अलीकडे पाठीवर सॅक घेतलेली तरुण मंडळी हमखास दिसतात. हरिश्चंद्रगड, कळसूबाई, राजगड, सांदण दरी. सपाट काळ्या रानात वाढलेल्या पोरांना सह्याद्रीचा कडा बघून जो आनंद होतो तो अस्सल आहे, त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. मात्र ज्या वाडीत आपण रात्री उतरतो, जिच्या बांधावरून वर चढतो आणि जिच्या विहिरीचं पाणी पितो, ती वाडी आपल्या सहलीच्या हिशेबात कुठेच नसते. माझं म्हणणं त्या हिशेबाबद्दल आहे.

पाण्यापासून सुरुवात करू, कारण ते लातूरकराला समजावून सांगावं लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी. त्या उन्हाळ्यात घागरीसाठी रात्र रात्र जागलेली माणसं आजही गल्लोगल्ली भेटतील. ट्रेकच्या वाटेवरच्या वाड्यांचंही तसंच आहे. सह्याद्रीत पाऊस धो धो पडतो, पण कातळ तो धरून ठेवत नाही. होळी उलटली की कित्येक वाड्यांतल्या बाया झऱ्याशी बसून वाटीवाटीने हंडा भरतात. अशा वाडीत शनिवारी रात्री शे-दीडशे पाहुणे उतरले, त्यांनी हात-पाय धुतले, जेवणाची भांडी घासली गेली, की रविवारी त्या बाईच्या डोक्यावर दोन खेपा वाढतात. ट्रेकची फी शहरातल्या आयोजकाने आधीच मोबाइलवर घेतलेली असते. त्यातून बसवाल्याला मिळतं, आयोजकाला मिळतं. बाईच्या वाढीव खेपांचं मोल त्या फीमध्ये कुणी धरलं आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारायला हवं. रेल्वेचं पाणी प्यायलेल्या माणसाने तर नक्कीच विचारायला हवं.

हे वेगळ्या रीतीने करता येतं, आणि महाराष्ट्रात ते झालेलं आहे. अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीत पाहुणे गावकऱ्यांच्या घरी राहतात. घरं पाळीपाळीने दिली जातात, म्हणजे ज्याचं घर रस्त्यालगत त्याचंच भलं असं होत नाही. चुलीवरची भाकरी त्या घरची बाई करते आणि तिचे पैसे तिच्या घरात येतात. जूनमध्ये काजवे बघायला गर्दी होते, तेव्हाही वाट दाखवायला गावातलीच पोरं असतात. साताऱ्याजवळच्या कास पठाराचा मामला मोठा आहे. २०१२ साली पश्चिम घाटासोबत ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि गाड्यांची रीघ लागली. तिथे कास, आटाळी, एकीव, कासाणी अशा गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीने शुल्क बसवलं, गावच्या मुलांना कामाला लावलं आणि फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा घातली. ही मर्यादा मला शुल्कापेक्षाही मोलाची वाटते. पाहुण्याला ‘आज पुरे’ म्हणायचा अधिकार गावाकडे असेल, तरच पाहुण्याचा पैसा गावाच्या कामाचा. नाहीतर गाव आपल्याच दारात गडी म्हणून राबतं.

आता आपल्याकडे वळू. मराठवाड्याला डोंगर नाहीत ही समजूत आपणच करून घेतली आहे. लातूर जिल्ह्यात बालाघाटच्या रांगा आहेत, वनौषधींसाठी वैद्यमंडळींना ठाऊक असलेलं वडवळ नागनाथचं बेट आहे, उदगीरजवळचं हत्तीबेट आहे, खरोशाची लेणी आहेत. नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला माहूर आणि किनवट: सागाचं जंगल, पैनगंगेचं वळण, सहस्रकुंडचा धबधबा, उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे, रामगड किल्ला. माहूरला तर पायी डोंगर फिरण्याची परंपरा जुनीच आहे. राखी पौर्णिमेला भाविक जंगलातून परिक्रमा करतात. रेणुकामातेच्या गडावर प्रसादाचा विडा कुटणारे हात बघावेत. पान, कात, सुपारी खलबत्त्यात पडते, ठोके एका लयीत चालतात आणि हिरवा-तांबूस गोळा पानावर हातात येतो. त्या विड्यावर कैक घरं चालतात. मात्र परिक्रमेची वाट ज्या वाड्या-पाड्यांच्या रानातून जाते, त्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा उरतात प्लास्टिकच्या बाटल्या आणि पत्रावळी.

या डोंगरांत गोंड, कोलाम, आंध, परधान राहतात, बंजाऱ्यांचे तांडे आहेत. पाहुणचाराचे नियम त्यांच्याकडे आपल्या आधीपासून आहेत. दिवाळीच्या दिवसांत गोंडांच्या दंडाऱ्या, म्हणजे नाचगाण्याचे जथे, निघतात. मोरपिसांचा भला थोरला टोप घातलेले घुसाडी नर्तक, ढोलांचा ताल, आणि एका गावची दंडारी दुसऱ्या गावी पाहुणी. ती कुठेही घुसत नाही. नात्याच्या, ओळखीच्या गावी जाते, यजमान गाव तिला जेवू घालतं आणि पुढे त्या गावाची दंडारी परतभेट देते. आपण मोबाइल उंचावून त्या रिंगणात शिरतो तेव्हा हा सगळा व्यवहार मोडतो. तो देवाचा सण आहे, आपल्यासाठी लावलेला कार्यक्रम नाही. बोलावलं तर जावं, सांगतील तिथे बसावं, फोटो विचारून काढावा.

कायदाही गावाच्या बाजूने आहे. किनवट परिसराचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांमुळे तिथल्या ग्रामसभेला स्वतःच्या रानाबद्दल बोलायचा हक्क आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि ग्रामसभेने ठरवलं तर रान किती नीट सांभाळता येतं हे त्या गावाने दाखवून दिलं. पर्यटनाचा निर्णयही त्याच ग्रामसभेत व्हायला हवा. जिल्ह्याच्या ठिकाणी आराखडा काढून गावाला नंतर कळवणं, ही रीत बंद व्हावी.

एक अडचण मात्र दडवून चालणार नाही. दसरा झाला की माहूर-किनवटकडची, तशीच मुखेड-कंधारच्या तांड्यांवरची, कितीतरी बिऱ्हाडं ऊसतोडीला जातात. ट्रेकचा खरा हंगाम तोच. घराला कुलूप असेल तर पाहुणा उतरणार कुणाकडे? चार-दोन पाहुण्यांच्या जेवणावर मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटत नाही. म्हणून गावं पर्यटनावर जगतील असं मी म्हणत नाही. शेती, मोहफूल, चारोली, तेंदू ही पोटाची साधनं शाबूत राहिली, तर वरच्या चार पैशांनी घरातलं एखादं माणूस, एखादी शिकणारी मुलगी गावात राहू शकेल. इतकं झालं तरी पुष्कळ.

या दिवाळीच्या सुट्टीत लातूर-नांदेडच्या ट्रेक गटांनी एक फेरी माहूर-किनवटकडे काढावी. पंधराच्या वर माणसं नेऊ नयेत. आठवडाभर आधी गावात निरोप धाडावा, पाणी किती आहे ते विचारावं आणि कमी असेल तर बेत पुढे ढकलावा. वाटाड्या गावातला घ्यावा, त्याची मजुरी त्याच्याच हातात द्यावी, जेवणाचे पैसे रांधणाऱ्या बाईला द्यावेत, आपला कचरा आपण परत आणावा. आणि गाव ‘यंदा नको’ म्हणालं, तर जाऊ नये.