बालपणीचे संस्कार आणि मनुष्याचे स्वातंत्र्य

‘मी असा का झालो?’ हा प्रश्न प्रत्येक विचारी मनुष्याला केव्हा ना केव्हा पडतो. आपल्या आवडीनिवडी, आपले भय, आपला क्रोध, इतकेच काय, आपली श्रद्धासुद्धा आपण विचारपूर्वक निवडलेली नसते. त्यांचे मूळ शोधीत गेले म्हणजे बहुधा बालपणीच्या एखाद्या अनुभवापाशी येऊन थांबावे लागते. मग सहजच शंका उत्पन्न होते. बालपणच जर मनुष्याला घडवीत असेल, तर त्याच्या बऱ्यावाईट आचरणाचे उत्तरदायित्व त्याच्यावर कितपत राहते? आणि ते राहत नसेल, तर धर्मोपदेशाला तरी काय अर्थ उरतो?

प्रथम संस्कारांचे सामर्थ्य पाहू. आचार्य विनोबा भावे यांचा जन्म १८९५ साली आताच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे या गावी झाला. घरचा फणस पिकला म्हणजे त्यांच्या मातोश्री रुक्मिणीबाई गऱ्यांचे द्रोण भरून प्रथम शेजाऱ्यांच्या घरी पाठवीत, आणि ते पोहोचविण्याचे काम लहानग्या विनायकाकडे असे. आधी द्यावे, मग खावे, हा पाठ त्याला पुस्तकातून मिळाला नाही, हाताने मिळाला. तोच विनायक १९५१ च्या एप्रिल महिन्यात पोचमपल्ली येथे भूमिहीनांसाठी भूमी मागू लागला आणि पुढे अनेक वर्षे त्याच कार्यासाठी देशभर पायी हिंडला. संस्कृत न जाणणाऱ्या या माउलीला आपल्या भाषेतील सोपी गीता हवी होती. १९१८ साली ती निवर्तली. परंतु तिची इच्छा मुलाच्या अंतःकरणात जिवंत राहिली, आणि १९३०-३१ मध्ये ‘गीताई’ सिद्ध झाली.

परंतु सर्वांचेच अनुभव असे मधुर नसतात. महाभारतातील कर्णाकडे पाहा. राधा आणि अधिरथ यांनी त्याला पोटच्या मुलाप्रमाणे वाढविले. म्हणून उद्योगपर्वात श्रीकृष्णांनी त्याला त्याचे खरे कुल सांगितले आणि राज्य देऊ केले, तेव्हाही त्याने राधेचे पुत्रत्व सोडले नाही. त्याची ही निष्ठा त्या वात्सल्यातून जन्मली. दुसरीकडे, तारुण्याच्या उंबरठ्यावर भर रंगमंडपात त्याचे कुल विचारले गेले आणि सूतपुत्र म्हणून त्याचा उपहास झाला. त्या क्षणी ज्याने हात दिला, त्या दुर्योधनाशी तो कायमचा बांधला गेला. त्याचे दुःख खरे होते. त्याला मिळालेली वागणूक अन्यायाचीच होती. तथापि द्रौपदीला त्याने भर सभेत जे कठोर शब्द ऐकविले, त्यांचा दोष व्यासांनी पुसून टाकलेला नाही. रथाचे चाक रुतल्यावर तो धर्माची आठवण देऊ लागला, तेव्हा श्रीकृष्णांनी त्याला त्याच सभेची आठवण करून दिली. जखम आपल्या वर्तनाचे कारण सांगते, पण तेवढ्याने ते वर्तन निर्दोष ठरत नाही.

मग यातून सुटकेचा मार्ग कोणता? गांधीजींनी आत्मकथेत आपल्या बालपणीच्या भित्रेपणाचे मोकळेपणाने वर्णन केले आहे. चोर, भुते आणि साप यांच्या भयाने ते व्याकुळ होत. घरातील रंभा नावाच्या दाईने या भयावर रामनामाचा उपाय सांगितला. त्यांचा तो जप तेव्हा फार दिवस टिकला नाही. परंतु बीज वाया गेले नाही, असे ते म्हणतात. भय आणि रामनाम, ही दोन्ही एकाच बालपणाची देणगी होती. पुढील आयुष्यात त्यांनी एकाला अभ्यासाने वाढविले आणि दुसऱ्याला पाणी घातले नाही. मनुष्याचे स्वातंत्र्य नेमके येथे आहे. कोणते बीज पडावे हे त्याच्या हाती नव्हते. कोणते जोपासावे हे त्याच्या हाती आहे.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवान प्रथम सांगतात की, ज्ञानी मनुष्यसुद्धा आपल्या प्रकृतीप्रमाणे वागतो, तेथे नुसत्या दडपणुकीचे काय चालणार? परंतु पुढच्याच श्लोकात, रागद्वेषांच्या अधीन होऊ नये, अशी आज्ञा आहे. हा विरोध नव्हे. रागद्वेष उत्पन्न होणे हा प्रकृतीचा भाग. त्यांच्या हाती लगाम न देणे हा पुरुषार्थ. आणि त्याचे साधन सहाव्या अध्यायात सांगितलेच आहे: अभ्यास आणि वैराग्य.

यावरून गृहस्थाची दोन कर्तव्ये निघतात. पहिले अपत्यांविषयी. मुलांना आपण काय उपदेश करतो यापेक्षा, दाराशी आलेल्या याचकाशी आणि घरी राबणाऱ्या माणसांशी आपण कसे बोलतो, हे ती अधिक लक्षपूर्वक पाहतात. तोच त्यांचा खरा अभ्यासक्रम असतो. दुसरे कर्तव्य स्वतःविषयी. आईवडिलांकडून किंवा गुरुजनांकडून जे कठोर मिळाले, त्याचा हिशेब मांडीत बसण्यापेक्षा, ते आपल्यापाशीच थांबवावे. मुलांच्या हाती वारसा म्हणून देऊ नये. जे गोड मिळाले, ते मात्र वाढवून द्यावे. मागील पिढीचे ऋण फेडण्याचा याहून चांगला प्रकार नाही.