आधी पंचायत, मग पॅनेल

औंधच्या मूळपीठ डोंगरावर यमाईच्या देवळापाशी उभे राहिले की खटावचा माळ नजरेत मावत नाही. पाऊस बेताचा आणि ऊन रग्गड, ही या मुलखाची ओळख. इथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार हे आयुष्याचे काम मानले. ज्या उन्हाने पिके करपली, त्याच उन्हावर आज घरे आणि पंप चालू शकतात. त्यासाठी सरकारी पैसाही येतो आहे. तो गावात कोणत्या वाटेने शिरतो आणि शिरल्यावर कोणाच्या हाती राहतो, यावर पुढचे सारे ठरणार आहे. याबाबतीत औंधकडे सांगण्यासारखे बरेच आहे.

संस्थान लहान होते. सातारा-सांगलीच्या मुलखात विखुरलेली आणि विजापूरकडेही पोचलेली 72 गावे, सुमारे पाऊण लाख वस्ती. जानेवारी 1939 मध्ये या संस्थानाने कारभार रयतेच्या हाती सोपवणारी घटना स्वीकारली. तिच्यामागे गांधीजींचा सल्ला आणि राजपुत्र अप्पासाहेब पंत यांचा ध्यास होता. मसुदा घडवण्यात मोठा वाटा मॉरिस फ्रीडमन यांचा. पोलंडहून आलेला हा इंजिनिअर बंगळुरूच्या सरकारी विद्युत कारखान्याचा कारभार सांभाळत होता. पुढे भारतानंद हे नाव आणि खादी त्याने आपलीशी केली. विजेची यंत्रे कोळून प्यायलेल्या माणसाच्या हातून औंधसाठी जी रचना घडली, तिचा पाया मात्र पंचायत हा होता. गावाने पाच पंच निवडायचे, त्यांच्यातून तालुका समिती उभी राहायची आणि तालुक्याच्या महसुलाचा किमान अर्धा वाटा त्या समितीने खर्च करायचा. शाळा, विहीर की रस्ता, हे तिथेच ठरायचे. 1948 मध्ये संस्थान विलीन झाले आणि प्रयोग थांबला. पण क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे: ठरवण्याचा अधिकार आधी, पैसा त्याच्यामागून.

‘अनुदान’ या शब्दातला ‘अनु’ हेच सांगतो. अनु म्हणजे मागून येणारे. गावाने काही ठरवले, थोडे उभे केले, की त्याच्यामागे सरकारने बळ लावायचे. आजच्या योजनांत हा क्रम पुष्कळदा उलटा झालेला दिसतो.

फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेली पंतप्रधान सूर्यघर योजना घ्या. घराच्या छतावर 3 किलोवॅटचा संच बसवला की 78,000 रुपये अनुदान मिळते. गृहनिर्माण संस्थेला सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये मिळतात. याच योजनेत प्रत्येक जिल्ह्यातील एका ‘आदर्श सौरग्रामा’ला 1 कोटी रुपये देण्याची तरतूद आहे. त्यासाठी गावांमध्ये सहा महिने स्पर्धा होते आणि ज्या गावात सर्वाधिक अक्षय ऊर्जा क्षमता उभी राहील, ते जिंकते. महाराष्ट्रासारख्या राज्यात स्पर्धेत उतरायला लोकसंख्या 5,000 च्या वर हवी.

इथे दोन गोष्टी खटकतात. पहिली लोकसंख्येची. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातील मान्याची वाडी 2024 मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाली. घरे जेमतेम शंभर. स्वच्छतेपासून पाणी योजनेपर्यंत अनेक कामे एकदिलाने केल्यामुळे हे गाव आधीच नावारूपाला आले होते आणि त्याच सवयीवर सौर संच उभे राहिले. तरी 1 कोटीच्या स्पर्धेत असे गाव बसत नाही. औंध संस्थानातल्या गावांची सरासरी वस्ती तरी किती होती? हजाराच्या आसपास. स्वराज्याचा प्रयोग ज्या आकाराच्या गावांनी पेलला, त्या आकाराची गावे आजच्या स्पर्धेच्या दारातच अडतात.

दुसरी गोष्ट मोजमापाची. किलोवॅट मोजणे सोपे असते. पॅनेलवर बसलेली धूळ कोण पुसतो, हे मोजायला कठीण. माण-खटावच्या उन्हाळ्यात वावटळ उठते आणि काचेवर मातीचा थर चढतो. ओल्या फडक्याने तो निघतो, पण फडके आणि पाणी घेऊन वर चढणारे माणूस लागते. अनुदानाने पॅनेल येते. त्या माणसाची मजुरी आणि काही वर्षांनी लागणाऱ्या बॅटरीचा खर्च त्यात बहुधा नसतो. बॅटरी मेलेले सौर पथदिवे उभ्या महाराष्ट्राने पाहिले आहेत.

पुणे जिल्ह्यातील दरेवाडीने या प्रश्नाला उत्तर शोधले. 2012 मध्ये ‘ग्राम ऊर्जा’ या संस्थेने तिथे 39 घरांसाठी सुमारे 9 किलोवॅटचे सौर वीजकेंद्र उभारले. भांडवल बॉश कंपनीने दिले. पण वीज फुकट ठेवली नाही. घरोघरी मीटर लागले, गावाचा न्यास स्थापन झाला, बिलाचे पैसे न्यासाच्या खात्यात जमू लागले आणि देखभालीची सोय त्यातून झाली. देणगी उभारणीपुरती होती, चालवणे गावाचे होते.

औंधच्या जुन्या मुलखात याची दुसरी बाजूही दिसते. आटपाडी हा संस्थानाचाच तालुका. आज तिथे टेंभू योजनेतून कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून आणले जाते. पंपांचे वीजबिल इतके मोठे की त्यातला 81 टक्के भार सरकारने उचलायचा आणि 19 टक्के शेतकऱ्यांनी, असे ठरवावे लागले. पाण्याने माळ हिरवा झाला, हे मोलाचेच आहे. पण हे साहाय्य वर्षामागून वर्षे द्यावे लागते. तोच पैसा एकदा सौर क्षमतेत गुंतवला, तर बिलाचे ओझे कायमचे हलके होऊ शकते.

भवानरावांनी हा फरक जाणला होता. 1910 मध्ये त्यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला आणि भांडवलाला हात दिला. तिथे किर्लोस्करवाडी वसली, लोखंडी नांगर तयार झाले, पुढे पंप आले. राजाने कारखाना बांधून दिला नाही. तो उभारण्याचे कसब ज्याच्याकडे होते, त्याला पाय रोवायला जागा दिली.

इंग्लंडमध्ये 2023 साली सुरू झालेल्या कम्युनिटी एनर्जी फंडाचा रोख असाच होता. 1 कोटी पौंडांच्या या निधीतून स्थानिक संस्थांना पहिल्या टप्प्यात 40,000 पौंडांपर्यंत रक्कम मिळे, तीही फक्त प्रकल्प आपल्या गावाला परवडेल का, हे तपासायला. आपल्याकडे बचतगट, दूध संस्था किंवा पाणीवापर संस्थेला असा अभ्यास करायचा झाला तर त्याचा खर्च पदरचा. मग पुरवठादार जे सांगेल तोच आराखडा होतो.

महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मध्ये ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प येतो, तिला वर्षाला 5 लाख याप्रमाणे तीन वर्षांत 15 लाख रुपये मिळतात. छोट्या ग्रामपंचायतीला ही रक्कम थोडी नाही. तिच्यातून एखाद्या तरुणीला वायरमनचे शिक्षण देता येईल, बॅटरीसाठी ठेव ठेवता येईल, शाळेच्या छपरावरच्या संचाची देखभाल बांधून घेता येईल. हे ग्रामसभेत ठरावे आणि त्याचा हिशेब चावडीवर लागावा. अनुदानाच्या अर्जात किलोवॅटच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना यावा: पाचव्या वर्षी हा संच कोण चालवणार आणि त्याचा पगार कोणत्या खात्यातून निघणार.