तेरजेत न दिसणारी चूक

गेल्या दत्तजयंतीची गोष्ट. सायंकाळी जन्माचा पाळणा झाला, सुंठवडा वाटला आणि नातवंडं भोवती बसली. माझं नेहमीचं सुरू झालं. "आमच्या वेळी काय मजा होती! दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीत नाटकंच नाटकं. दिवसा शंकरपट, रात्री नाटक. सिंदेवाहीहून बैलगाडी जुंपून निघायचं, तणसावर बसून पहाट होईस्तोवर पाहायचं. ना टीव्ही, ना मोबाईल, पण सुख होतं. तुमच्याजवळ सगळं आहे आणि तोंडं पाहा कशी!"

थोरली बहीण माहेरी आली होती. वाती वळता वळता, मान वर न करता ती म्हणाली, "बाबू, त्यातलं मी एकबी नाटक पाह्यलं नाही. तुमी पहाटे येऊन निजत होते. ढोरायचं शेण कोन काढे? धान कोन कांडे?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, सारा जन्म बँकेत खातेवह्या लिहिण्यात गेला. तेरीज जुळली की कारकुनाला घरी जायची मोकळीक. पण कॉलेजात शिकलेली एक गोष्ट त्या रात्री आठवली. एखादा व्यवहार जमेला लिहिलाच नाही आणि नावेही टाकला नाही, तर तेरीज तरीही जुळते. तिला विसरचूक म्हणतात. आकडे बरोबर, पण हिशेब खोटा! माझ्या तरुणपणाची तेरीज अशीच जुळत होती. त्यात बहिणीची नोंद कुठल्याच बाजूला नव्हती.

श्रावण-भादव्यात कोठीतलं धान सरायचं, तेही मी विसरलो होतो. हिवतापानं घरातलं कोणी ना कोणी अंथरुणावर असायचं, तेही. मानसशास्त्राचे अभ्यासक सांगतात की उतारवयात साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी जास्त वर येतात, आणि वाईट प्रसंगाची बोच चांगल्या प्रसंगाच्या गोडीपेक्षा लवकर विरते. ही मनाची सोयच म्हणायची. सगळे घाव ताजे राहिले असते तर माणूस जगला कसा असता?

मग गोड आठवणीनं कोणाचं काय बिघडतं? मला वाटतं, दोन ठिकाणी बिघडतं. आपल्या सुखाची किंमत ज्यानं मोजली, तो आठवणीतून पुसला जातो. आणि त्या अर्ध्या हिशेबाच्या मापानं आपण आजच्या पोरांना मोजतो, त्यांना कमी ठरवतो. मनातल्या मनात असते तोवर ती सोय. दुसऱ्यावर उगारली की अन्याय.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूतानं यदुराजाला आपले २४ गुरू सांगितले. नाथांच्या भागवतामुळे ते आपल्या घराघरांत पोचले. त्यांत मध झाडून नेणारा मधुहा आहे. माशी कण कण गोळा करते आणि खातो भलताच. आपल्या जंगलात आग्या मोहोळ झाडणारे आपण पाहिले आहेत. आजवर मी स्वतःला माशी समजत होतो, आठवणींचा मध साठवणारी. त्या रात्री कळलं, माशी माझी बहीण होती. मी नुसता मध खाल्ला.

सकाळी तिला म्हटलं, "ताई, औंदा नाटकाला जाऊ. गाडी करतो." ती हसली. "आता रातभर बसाले गुडघे देते का रे?"

म्हणजे हे देणं फिटायचं नाही. पण न फिटणारं देणंही वहीत लिहून ठेवावं लागतं. चूक सापडली की खाडाखोड करायची नाही, दुरुस्तीची नोंद करायची, हा आमच्या धंद्याचा नियम. म्हणून आता नातवंडांना बैलगाडी सांगतो, तणस सांगतो, नाटकही सांगतो, आणि त्याच दमात सांगतो की त्या रात्री तुमची मोठी आजी घरी होती आणि पहाटे गोठ्यात होती. गोष्ट जरा कमी गोड होते. पोरं मात्र आता जास्त लक्ष देऊन ऐकतात.

भक्तहो, यंदा पाळण्याची दोरी हाती घ्याल तेव्हा आपापल्या तेरजेत एकदा डोकावून पाहा. कोणाची नोंद राहिली आहे?

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!