पंप लपवू नका

तापी लाइनच्या गाडीने जळगाव-धुळ्याहून आलेली कितीतरी मराठी कुटुंबं सुरतेत लिंबायत, उधना, डिंडोलीत राहतात. आसपास मागांवरची तूस, डाइंग मिलचा धूर. दमेकरी पोरासाठी इथली हवा बदलणं आईबापांच्या हातात नाही. दम उसळल्यावरची पहिली काही मिनिटं मात्र आहेत.

पोराचा सदरा वर करून बघा. श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, गळ्याखालची खळगी खोल जाते, छातीतून शिट्टी वाजते. पोर धापतंय आणि शिट्टी मात्र बंद झाली, तर ते बरं झालेलं नसतं; हवा आत-बाहेर जाईनाशी झालेली असते.

त्याला आडवं निजवू नका. ताठ बसवा, गर्दी हटवा, तुमचा आवाज शांत ठेवा. डॉक्टरांनी दिलेला साल्ब्युटामॉलचा निळा पंप हलवून स्पेसरला, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधल्या पोकळ नळीला, लावा. एक फवारा, मग चार श्वास. असे एकेक करून चार फवारे. चार मिनिटांत उतार नाही, तर पुन्हा चार आणि 108 ला फोन. ओठ निळसर, शब्द तुटत असतील किंवा पोर गुंगत असेल, तर फोन आधी. गाडी येईपर्यंत फवारे चालू ठेवा. स्पेसर नसेल तर अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडा, पंप घट्ट बसवा आणि बाटलीचं तोंड पोराच्या ओठांत द्या. केपटाउनच्या डॉक्टरांनी 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिलं, की अशी भोकाभोवती नीट बंद केलेली बाटली विकतच्या स्पेसरइतकंच काम करते.

एवढं सोपं असून पोरं अडतात, कारण पंप कपाटात असतो. ‘सवय लागेल’ म्हणून तो टाळतात. मुलगी असेल तर ‘पुढे लग्नाला अडचण’ म्हणून शेजाऱ्यांपासूनही लपवतात. मग वाफ, बाम, काढा यांत वेळ जातो. पंपाची चटक लागत नाही. तो वरचेवर लागत असेल, तर रोजचं औषध कमी पडतंय, हे डॉक्टरांना सांगायचं.

तेव्हा पंप दप्तरात ठेवा, आणि तो कसा द्यायचा हे वर्गशिक्षिकेला नि शेजारच्या काकूंना आजच दाखवून या.