लग्नाचं बजेट आणि गीतेचा सतरावा अध्याय



आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक ११ ते १३.

या तीन श्लोकांत भगवंत यज्ञाचे तीन प्रकार सांगतात. फळाची अपेक्षा न ठेवता, ‘हे करणं माझं कर्तव्य आहे’ अशा स्थिर मनाने आणि विधीप्रमाणे केलेला यज्ञ सात्त्विक. फळावर डोळा ठेवून किंवा दिखाव्यासाठी केलेला राजस. आणि ज्यात विधी नाही, मंत्र नाही, दक्षिणा नाही, अन्नदान नाही आणि मुळात श्रद्धाच नाही, तो तामस.

इतकी वर्षं हे श्लोक वाचताना माझ्या डोळ्यांसमोर फक्त होमकुंड यायचं. आपण काही यज्ञ करत नाही, म्हणून मी पुढच्या श्लोकाकडे सरकायचो. पण या वर्षी घरात धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. तुळशीचं लग्न झालं की महिन्याभरात बार उडवायचा, असं ठरलं. अग्नीच्या साक्षीने होणारं लग्न हाही यज्ञच की. आणि मग हे तीन श्लोक थेट माझ्या एक्सेल शीटमध्ये येऊन बसले.

आमचं घर अमरावतीचं. मी पुण्यात नोकरीला. बाबा शाळेत क्लार्क होते, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. साक्षगंधाच्या बैठकीत मुलाकडचे फार गोड बोलले: “आमची काहीच मागणी नाही. तुम्ही तुमच्या हौसेप्रमाणे करा.” हे वाक्य ज्यांनी ऐकलंय त्यांना माहीत आहे, यानंतरच खरा खर्च सुरू होतो. मागणी असती तर निदान आकडा तरी कळला असता. ‘हौसेला’ आकडा नसतो.

मी शीट तयार केली. लॉन ३ लाख. सातशे पानं, ४५० रुपये ताट, म्हणजे ३ लाख १५ हजार. स्टेज आणि डेकोरेशन १ लाख ८० हजार. फोटो, व्हिडिओ, ड्रोन, प्री-वेडिंग मिळून दीड लाख. हळद आणि संगीत वेगळ्या हॉलवर, १ लाख ४० हजार. कपडे, आहेर, मानपान १ लाख २० हजार. बँड आणि वरात ६० हजार. पत्रिका, गुरुजी, गाड्या आणि किरकोळ ७५ हजार. दागिने आईने आधीच जमवलेले, ते यात धरले नाहीत. बेरीज १३ लाख ४० हजार. बाजूला ठेवलेले पैसे ५ लाख ४० हजार. उरलेले ८ लाख पर्सनल लोन. तेरा टक्क्यांनी पाच वर्षं, म्हणजे महिन्याला साधारण १८,२०० रुपये हप्ता आणि शेवटी जवळपास २ लाख ९२ हजार फक्त व्याज.

मला राग आला. मी घरी फोन करून जाहीर केलं, “इतका खर्च होणार नाही. कोर्टात रजिस्टर लग्न करू, दोन्हीकडची वीस माणसं, हॉटेलात जेवण, विषय संपला.” आपण किती विवेकी आहोत असं मला त्या क्षणी वाटत होतं. कंपनीतल्या मित्रांनाही मी ते दोनदा सांगितलं.

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “अरे, तीस वर्षं मी लोकांच्या पंगतीत जेवले. तुझ्या मुंजीला उसने पैसे देणारी काकू, बाबांच्या ऑपरेशनला रात्रभर बसलेले शेजारी, यांना मी एकदा तरी माझ्या मांडवात बसवून वाढू नको का? मला ड्रोन नको. पण माणसं जेवू दे.”

त्या रात्री मी हे श्लोक परत वाचले आणि ज्ञानेश्वरी उघडली. राजस यज्ञ समजावताना माउली एक फार मजेशीर दाखला देतात. घरी श्राद्ध आहे आणि त्या जेवणाला राजाला बोलावलंय. राजा घरी आला की पुढे उपयोग होतो, चार लोकांत नावही होतं, आणि श्राद्ध काही अडत नाही. तेही पार पडतं. विधीत कुठेच चूक नाही! फक्त यजमानाचं लक्ष पितरांकडे नसून दरवाजाकडे आहे, राजा आला का म्हणून. मला एकदम स्टेजसमोरचा पहिला सोफा आठवला, ‘साहेबांसाठी’ रिकामा ठेवलेला. आपल्या लग्नांत मंगलाष्टकं सुरू असताना अर्धा मांडव आमदारांची गाडी आली का ते बघत असतो.

इथपर्यंत मला बरं वाटत होतं, कारण ड्रोन आणि स्टेज राजस ठरले. पण तेराव्या श्लोकाने मला पकडलं. ज्यात अन्नदान नाही, तो यज्ञ भगवंत खालच्या पायरीवर ठेवतात. माझ्या वीस माणसांच्या प्लॅनमध्ये नेमकं तेच गायब होतं. आणि दिखावा तर माझ्यातही होता. साधं लग्न करून मी कोणाला तरी काहीतरी दाखवणारच होतो. मित्रांना दोनदा का सांगितलं मग? राजा मीही बोलावला होता, फक्त माझा राजा वेगळा होता.

इथे गैरसमज नको. रजिस्टर लग्न कमी दर्जाचं, असं मला अजिबात म्हणायचं नाही. दोघांनी मनापासून ठरवलं असेल तर ते उत्तमच. माझा प्लॅन मात्र श्रद्धेतून आला नव्हता, चिडचिडीतून आला होता. खर्च वाढवला काय किंवा कापला काय, मन दरवाजाकडेच असेल तर यज्ञ राजसच राहतो.

दुसरी गोष्ट बहिणीची. तिने गेल्या वर्षी एकनाथ महाराजांचं रुक्मिणी स्वयंवर वाचलं होतं, लग्न ठरावं म्हणून पुष्कळ घरांत मुली वाचतात तसं. रुक्मिणीचं कौंडण्यपूर आमच्याच जिल्ह्यात, वर्धा नदीच्या काठी. भागवताच्या दशम स्कंधात त्या लग्नाच्या तयारीचं वर्णन आहे. रस्ते झाडून सडे टाकले, पताका लावल्या, तोरणं बांधली, राजा भीष्मकाने सोनं, वस्त्रं, गायी दान दिल्या. पण ती सगळी तयारी शिशुपालाशी लावायच्या लग्नाची होती. भावाच्या हट्टापुढे बाप नमला होता. नगर सजलं होतं, आणि जिचं लग्न तिचं मन कोणी विचारात घेतलं नव्हतं.

हे वाचताना मी थबकलो. आमच्याही घरात सगळे बोलत होते: आई, बाबा, मी, मामा, लॉनवाला. जिचं लग्न तिला लोनचा आकडा माहीतच नव्हता. ‘तिला कशाला टेन्शन’ म्हणून आम्ही तो लपवला होता. मी रुक्मिणीच्या भावासारखं कुणाला तिच्या गळ्यात मारत नव्हतो, मुलगा तिनेच पसंत केला होता. पण तिला न विचारता नगर मात्र सजवत होतो.

मी तिला शीट पाठवली. अर्ध्या तासाने फोन आला. रडत होती. “दादा, म्हणजे मी सासरी गेल्यावर पाच वर्षं तू माझ्या लग्नाचे हप्ते भरणार? मला विचारलं असतं तर मी प्री-वेडिंगला हो म्हटलंच नसतं. मला वाटलं, तुम्हाला परवडतंय.”

मग आम्ही चौघं व्हिडिओ कॉलवर बसलो. शीटमध्ये मी एक नवा कॉलम टाकला: ‘हे कोणासाठी?’ प्रत्येक ओळीला खरं उत्तर लिहायचं. जेवण: ज्यांनी आपल्याला सांभाळलं त्यांच्यासाठी. राहिलं. आईचा आहेर: बहिणी-भावजयांसाठी. एक रुपयाही कमी केला नाही. सनई: बाबांसाठी, त्यांना मनापासून आवडते. ड्रोनपुढे कोणालाच काही लिहिता येईना. मोठ्या स्टेजपुढे बाबांनीच हळूच म्हटलं, “ते मामांच्या मुलीच्या लग्नात होतं म्हणून.” लॉनऐवजी दिवसाचं मंगल कार्यालय घेतलं. हळद घरच्या गच्चीवर. साडेपाचशे पानं, वरण-भात, पोळी, वांग्याची भाजी, बुंदी, मठ्ठा. एकूण ५ लाख ५५ हजार. वरचे पंधरा हजार मी घातले. लोन घेतलं नाही.

अवघड भाग मुलाकडच्यांना सांगणं हा होता. बाबा म्हणाले, “मी बोलतो.” त्यांनी आकड्यांसकट सरळ सांगितलं. व्याही थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “माझ्यावरही भावांचं प्रेशर आहे हो. पण ठीक आहे.”

लग्न होऊन आता तीन आठवडे झाले. सगळं गोड झालं असं म्हणणार नाही. पंगतीत मुलाकडच्या एक बाई म्हणाल्याच, “एकुलती एक मुलगी ना? मग?” ते आईने ऐकलं, बहिणीनेही ऐकलं. दोघींचे चेहरे उतरले. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. सात्त्विक कर्म केलं की लोक बोलायचे थांबतील, असं गीतेत कुठेही लिहिलेलं नाही. फळाची अपेक्षा सोडायची, त्यात कौतुकाचीही आलीच. पण शेवटच्या पंगतीला आईने त्या काकूंच्या ताटात स्वतः बुंदी वाढली, तेव्हा मी शेजारी मठ्ठ्याची बादली घेऊन उभा होतो. तिचं लक्ष दरवाजाकडे नव्हतं.

शास्त्राला आनंदाचं वावडं नाही. कृष्ण रुक्मिणीला घेऊन आला तेव्हा द्वारकेत घरोघरी उत्सव झाला, हेही भागवतच सांगतं. कौंडण्यपुरातही पताका होत्या, द्वारकेतही होत्या. फरक आपण शोधायचा.

तुमच्या घरी लग्न ठरलं असेल तर आज दोनच गोष्टी करून बघा. एक, खर्चाच्या यादीत प्रत्येक ओळीसमोर ‘कोणासाठी’ हे खरं लिहा. साधं लग्न करणार असाल, तर त्याच्यासमोरही लिहा. दोन, ज्यांचं लग्न आहे त्या दोघांना कर्जाचा पूर्ण आकडा सांगा, व्याजासकट. मुहूर्ताच्या आधी.

उद्या पुढचे श्लोक: तपाचे प्रकार.

राम कृष्ण हरी.